अण्णांना दिलेली अर्धी गोळी

झोप न येणं हा आजार असू शकतो, हे मला सत्तेचाळीस वर्षांची होईपर्यंत माहीत नव्हतं. आमच्या घरात ताप आला, हाड मोडलं, साखर वाढली, की माणूस आजारी. झोप येत नाही म्हणणाऱ्याला "अंग मोडून काम कर, आपोआप येईल" असं सांगायचे. मी चाकणला गाड्यांचे रबरी पाइप बनवणाऱ्या कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला आहे. आठ तास दिव्याखाली उभं राहून पाइपावरची चीर शोधायची, आणि चिंचवडहून जाऊन-येऊन तीन तास बसमध्ये. अंग पुरेसं मोडत होतं.

ही हकिगत मी आजवर मोजक्या माणसांना सांगितली. त्यातल्या एकाला, माझ्या सख्ख्या भावाला, सांगितल्यावर तो माझ्याशी कित्येक महिने धड बोलला नाही. तरी लिहितेय. कारण आमच्या बसमध्ये, आमच्या सोसायटीत, पर्समध्ये झोपेची गोळी ठेवणाऱ्या कितीतरी बायका आता मला ओळखू येतात.

आई गेल्यानंतर

आई गेली आणि अण्णा आमच्याकडे राहायला आले. अण्णा म्हणजे माझे वडील. धाराशिवकडच्या एका खेड्यातून विशीत पिंपरीला आले आणि एकाच कारखान्यात चौतीस वर्षं लेथ चालवून निवृत्त झाले. गावठाणातल्या दोन खोल्यांत ते आणि आई राहायचे. आई गेल्यावर तिथं ते एकटेच बसून असायचे, स्वयंपाकघराकडे तोंड करून. धाकटा भाऊ महेश पिंपळे सौदागरला राहतो, हिंजवडीला नोकरीला आहे. तो म्हणाला, "ताई, अण्णांना माझ्याकडे नेतो." अण्णाच म्हणाले, "लेकीकडं जातो. तिथून बाजार जवळ हाय."

आमच्या हॉलमधल्या दिवाणावर ते झोपायचे. मध्ये पातळ भिंत. त्यांना खोकला होता. ते खोकले की मी जागी व्हायचे, आणि खोकला थांबला की जास्तच जागी व्हायचे, कारण आईही अशीच एकदम शांत झाली होती. मग मी हिशोब करायचे. साडेचारला गजर. आता दीड वाजलाय, म्हणजे तीन तास उरले. आता झोपले तर अडीच. आता तर दोनच. ज्यांना हे झालंय त्यांना कळेल, हा हिशोबच माणसाला झोपू देत नाही.

तीन-चार महिन्यांत माझ्या हातून चिरलेले पाइप पास होऊन जायला लागले. सुपरवायझर चांगला माणूस. त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, घरी काही प्रॉब्लेम आहे का?" त्या दिवशी मी घराजवळच्या डॉक्टरांकडे गेले.

त्यांच्यावर माझा काही राग नाही. त्यांनी नीट विचारलं, रक्त तपासलं, आईबद्दल ऐकून घेतलं. दहा गोळ्या लिहिल्या आणि म्हणाले, "रोज एक, झोपायच्या आधी. दहा दिवसांनी मला येऊन भेटा. ही जास्त दिवस घ्यायची गोळी नाही."

पहिल्या रात्री मी सहा तास झोपले. सकाळी बसच्या खिडकीतून बाहेर बघत होते आणि मला रडू येत होतं, इतकं बरं वाटत होतं.

दहा दिवसांनी मी डॉक्टरांकडे गेले नाही. फर्स्ट शिफ्ट सुटून घरी पोचेपर्यंत दवाखाना बंद व्हायचा, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ते गोळी बंद करतील ही भीती होती. खालच्या मेडिकलवाल्याकडे गेले. तो ओळखीचा. "जुनी चिठ्ठी आहे ना ताई? मग झालं," म्हणाला. ती चिठ्ठी इतक्या वेळा उलगडली की घडीवर फाटली. मग त्यानं चिठ्ठी मागणंच सोडलं. पाचव्या महिन्यात एका गोळीनं झोप येईना, म्हणून मी दोन घ्यायला लागले. कुणाला विचारलं नाही.

काही काही व्हायचं तेव्हा. एकदा महेशच्या बायकोनं फोन करून विचारलं, "ताई, काल तुम्ही म्हणालात तसं रविवारी येऊ ना जेवायला?" मला बोलल्याचं आठवतच नव्हतं. एकदा सकाळी ओट्यावर कणीक मळून ठेवलेली सापडली. नवरा विलास थर्ड शिफ्टला होता, मुलगी नाशिकला होस्टेलवर, अण्णांनी कधी कणकेला हात लावलेला नाही, म्हणजे मळली ती मीच. आम्ही हसलो त्यावर. बसस्टॉपपर्यंत स्कूटर नेताना एका पहाटे दुभाजकाला घासली, तेव्हा मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

"मला बी दे की"

अण्णांनाही झोप नव्हतीच. आईशिवाय त्यांना अंथरुणाची सवय होत नव्हती. एका रविवारी जेवणं झाल्यावर मी पाण्याचा तांब्या भरत होते, तेव्हा ते म्हणाले, "सुनी, तू ती गोळी घेतीस ना, ती मला बी दे की एक दिवस."

"अण्णा, ती डॉक्टरांनी मला दिलीये."

"मग काय झालं? तुझं माझं रगत एकच हाय."

मी हसले. त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालेलं दिसत होतं. मला वाटलं, ह्यांना पूर्ण नको, म्हातारं शरीर आहे. सुरीनं गोळीचे दोन तुकडे केले आणि अर्धा त्यांच्या तळहातावर ठेवला. मला आठवतं, आपण फार काळजी घेतोय असं मला वाटलं होतं. अर्धीच तर दिली.

सकाळी त्यांचा चेहराच वेगळा होता. "लई दिवसांनी झोपलो," म्हणाले. मग सोमवारी दिली, मंगळवारी दिली. बुधवारी सकाळी चहा पिताना त्यांची कपबशी जरा हलत होती. मी म्हटलं, "काय होतंय?" ते म्हणाले, "काय न्हाई, जरा जड वाटतंय." मी घाईत होते. बसची वेळ झाली होती. आणि रात्री पुन्हा दिली.

गुरुवारी सकाळी साडेनऊला आमच्या चहाच्या सुट्टीआधी सुपरवायझर लाइनवर आला. आमचे मोबाइल लॉकरमध्ये असतात, त्यामुळे घरचा निरोप ऑफिसच्या फोनवर येतो. तो म्हणाला, "ताई, तुमचे वडील पडलेत. मिस्टर दवाखान्यात घेऊन गेलेत. तुम्ही निघा, मी गाडी सांगतो."

अण्णा दूध आणायला खाली उतरले होते. दुसरा मजला, लिफ्ट नाही. शेवटच्या चार पायऱ्यांवर तोल गेला. खालच्या काकूंनी पडल्याचा आवाज ऐकला. थर्ड शिफ्ट करून आलेला विलास झोपला होता. त्याला काकूंनी उठवलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं.

दोनदा "नाही"

दवाखान्यात दाखल करताना एक डॉक्टर फॉर्म भरत होते. महेश हिंजवडीहून आला होता, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच. डॉक्टरांनी विचारलं, "रोजची औषधं कोणती?"

मी म्हटलं, "ब्लड प्रेशरची एक. बाकी काही नाही."

हे पहिलं "नाही". मी विचार करून खोटं बोलले नाही. तोंडातून ते आपोआप आलं. पण आल्यावर मी ते बदललंही नाही.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. चांगलं झालं म्हणाले. त्यानंतरच्या रात्रीपासून अण्णा बरळायला लागले. मला ओळखेनात. दोन्ही हात हवेत धरून लेथचं चाक फिरवल्यासारखे फिरवायचे आणि ओरडायचे, "जॉब काढ! तापलाय, जॉब काढ!" लेथवर कातायला लावलेल्या तुकड्याला जॉब म्हणतात. सलाईन उपटून काढली. नर्सनं हात बांधायचे का, असं विचारलं. चौतीस वर्षं ज्या हातांनी काम केलं ते हात पलंगाला बांधायला मी नको म्हटलं आणि सकाळपर्यंत ते माझ्या हातात धरून बसले. त्यांच्यात एवढी ताकद कुठून आली होती कोण जाणे.

सकाळी वॉर्डातल्या तरुण डॉक्टर बाई आल्या. म्हाताऱ्या माणसांना ऑपरेशननंतर असं होऊ शकतं, म्हणाल्या. मग विचारलं, "घरी झोपेची गोळी, खोकल्याचं औषध, दारू, असं काही चालू होतं का?"

महेश म्हणाला, "छे हो. अण्णांनी जन्मात सुपारीचं खांडसुद्धा खाल्लं नाही." आणि माझ्याकडे बघितलं. "नाही ना गं ताई?"

"नाही," मी म्हटलं.

तो दिवस मी कसा काढला ते मला नीट लिहिता येणार नाही. अण्णा हवेत चाक फिरवत होते आणि मला ठाऊक होतं की डॉक्टर जे शोधताहेत ते माझ्या पर्समध्ये आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी त्या डॉक्टर बाईंना जिन्यातच गाठलं. त्यांच्या हातात डबा होता, केस ओले होते. मी सगळं सांगितलं. कुठली गोळी, किती, किती दिवस. स्ट्रिप दाखवली.

त्यांनी डबा पायरीवर ठेवला आणि खिशातल्या कागदावर लिहून घेतलं. "शेवटची कधी दिली?"

"पडले त्याच्या आदल्या रात्री."

"हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. भूल देणाऱ्यांना हे माहीत असावं लागतं." त्या ओरडल्या नाहीत. "पण सांगितलंत हे बरं केलंत. आता काय द्यायचं, काय टाळायचं, ते आम्हाला ठरवता येईल."

मी विचारलं, "मॅडम, माझ्यामुळे पडले का ते?"

त्यांनी कागद खिशात ठेवला. "या वयात ही गोळी दुसऱ्या दिवशीही अंगात राहते. तोल जातो. पण ते गोळीमुळेच पडले असं मी नाही म्हणू शकत. नाही पडले, असंही नाही म्हणू शकत."

तेच उत्तर आजही आहे. त्यापुढचं उत्तर मला कुणीही दिलेलं नाही आणि कधी मिळणारही नाही.

दोन दिवसांनी अण्णांनी मला ओळखलं. "कंपनीत गेली न्हाईस?" असं विचारलं.

मी पडले तेव्हा

एक गोष्ट मी डॉक्टर बाईंना सांगितली नव्हती. मी स्वतः दोन गोळ्या घेते, वर्षभर घेते, हे. त्यांनी अण्णांबद्दल विचारलं, मी अण्णांबद्दल सांगितलं.

अण्णांबद्दल सांगितलं त्याच दिवशी घरी जाऊन मी होत्या तेवढ्या सगळ्या गोळ्या संडासात टाकून पाणी सोडलं. आता हिला हात लावायचा नाही, असं ठरवलं. मला वाटलं, ही शिक्षाही झाली आणि सुटकाही.

पहिली रात्र मी डोळे उघडे ठेवून काढली. दुसऱ्या दिवशी हात कापायला लागले, उन्हात उभं राहिल्यासारखा घाम. ट्यूबलाइटचा आवाज ऐकू येत होता. नर्सनं ट्रॉली ढकलली की छातीत धस्स व्हायचं. मला वाटलं, जागरणानं होतंय, दवाखान्यात सगळ्यांचंच असं होतं. चौथ्या दिवशी दुपारी मी कँटीनच्या रांगेत अण्णांसाठी पेज घ्यायला उभी होते. काचेमागची भांडी मला दिसत होती. त्यानंतरचं आठवत नाही.

जाग आली तेव्हा वर पंखा होता आणि विलास माझ्या चपला हातात धरून उभा होता. दोन्ही चपला, छातीशी. मला फिट आली होती. जीभ चावली गेली होती. पडले ते दवाखान्यातच, चार पावलांवर डॉक्टर होते, म्हणून मी हे लिहू शकतेय. आदल्या दिवशी स्कूटरवर असताना आली असती तर?

संध्याकाळी मानसोपचार तज्ज्ञ आल्या. पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला. त्यांनी विलासला बाहेर पाठवलं नाही, पण आधी मला विचारलं, "ह्यांच्यासमोर बोललं तर चालेल?" मी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, "कुठली गोळी अचानक बंद केलीत?"

त्यांनी हे असं सरळ विचारलं की मला खोटं सुचलंच नाही.

सगळं ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्हाला झोप न येण्याचा आजार आहे, तो आधीपासूनचा. त्यावर नीट उपचार झालेच नाहीत. दुसरं म्हणजे तुमच्या शरीराला या गोळीची सवय लागलीये. ती एकदम काढून घेतली की मेंदू असा उसळतो. जिवावर बेतू शकतं."

"मी पुन्हा नाही घेणार, मॅडम."

"घ्यावी लागेल. आजपासूनच, मी सांगेन तेवढी. मग हळूहळू कमी करू. महिने लागतील."

मी रडायला लागले. वरच्या मजल्यावर अण्णा होते आणि मला तीच गोळी गिळायची होती. विलासनं पाण्याचा ग्लास पुढे केला. तो म्हणाला, "मला एकदा तरी सांगायचं गं." एवढंच म्हणाला, पण अजून माझ्या कानात आहे. आमच्या शिफ्टा अशा उलटसुलट की आठवड्यातले पाच दिवस आम्ही दारातच भेटायचो. त्याला माहीत नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं. आणि त्यानंही कणीक मळलेली बघून हसण्यापलीकडे काही विचारलं नव्हतं.

महेश

दुसऱ्या दिवशी महेश मला बघायला आला. शहाळं घेऊन. माझ्या केसपेपरवर जे लिहिलं होतं ते त्यानं वाचलं असावं. खुर्चीवर बसला, शहाळ्यात स्ट्रॉ घातली आणि तसंच हातात धरून राहिला.

"ताई, अण्णांना पण दिली होतीस?"

"हो."

"किती?"

"अर्धी. चार दिवस. त्यांनी मागितली होती."

"मी तुला विचारलं होतं तिथं, डॉक्टरसमोर. तू नाही म्हणालीस."

"दुसऱ्या दिवशी सांगितलं मी त्यांना."

"मला नाही सांगितलंस."

तो उठला, शहाळं टेबलावर ठेवलं, शर्ट नीट केला आणि गेला. चिडून ओरडला असता तर बरं झालं असतं.

अण्णांना घरी सोडलं तेव्हा महेश त्यांना पिंपळे सौदागरला घेऊन गेला. "तिथं लिफ्ट आहे," असं त्यानं विलासला सांगितलं, मला नाही. ते खरंही होतं. आमच्या जिन्यावरून अण्णांना वर नेणं शक्य नव्हतं. पण त्यांची पिशवी भरताना महेशनं औषधांचा डबा उघडून एकेक स्ट्रिप उजेडात धरून वाचली. मी तिथंच उभी होते.

मी सुट्टीच्या दिवशी जायचे. महेशची बायको चहा द्यायची, महेश आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसायचा. अण्णा वॉकर घेऊन चार पावलं टाकायचे आणि थकून बसायचे. वजन उतरत होतं. एका रविवारी खोलीत आम्ही दोघंच होतो. मी त्यांना म्हटलं, "अण्णा, ती गोळी मी तुम्हाला द्यायला नको होती."

ते खिडकीतून खाली बघत होते. बाराव्या मजल्यावरून गाड्या दिसतात तिथून. "मी मागितली ना."

"तुम्ही मागितली म्हणून मी द्यायची का? त्या गोळीनंच तोल गेला असेल तुमचा."

त्यांनी वॉकर जवळ ओढून घेतला. मला वाटलं, ऐकूच गेलं नाही. मग म्हणाले, "चार रात्री चांगल्या गेल्या बग. तुझी आई गेल्यापासून तेवढ्याच."

मला ते ऐकवेना. त्यांनी मला माफ केलं असं त्यात काही नव्हतं. रागही नव्हता. ते खरं तेवढं सांगत होते.

अडीच महिन्यांनी अण्णांच्या छातीत कफ झाला. अंथरुणावरच्या म्हाताऱ्या माणसांना होतो तसा. पुन्हा तोच दवाखाना, पण यावेळी सहा दिवसच. दाखल करताना डॉक्टरांनी औषधं विचारली, तेव्हा महेशनं खिशातून टाइप केलेला कागद काढून दिला. सगळी औषधं, वेळा, प्रमाण. खाली एक ओळ होती: आधी झोपेची गोळी दिली गेली होती, चार दिवस. कुणी दिली ते लिहिलं नव्हतं. सहाव्या दिवशी अण्णा गेले.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात बुद्धवंदना झाल्यावर महेश अण्णांबद्दल दोन शब्द बोलला. "वय झालं होतं. पडण्याचं निमित्त झालं," म्हणाला. पुढच्या रांगेत मी बसले होते. तो माझ्याकडे बघत नव्हता. त्यानं मला सगळ्यांसमोर वाचवलं, हे मला कळत होतं. आणि घरी जाताना तो माझ्याशी एक शब्दही बोलला नाही.

उतरवणं

गोळी कमी करायला मला आठ महिने लागले. सोपं होतं असं मी म्हणणार नाही. मानसोपचार करणाऱ्या मॅडम दर पंधरा दिवसांनी थोडीशीच कमी करायच्या. कमी केली की आठवडाभर अंग ठणकायचं, चिडचिड व्हायची, मेलेली माणसं स्वप्नात यायची. दोनदा मी हट्टानं जास्त कमी केली आणि दोनदा मागे यावं लागलं. गोळ्या विलासकडे असायच्या. तो रोजची रोज हातावर ठेवायचा. शिफ्ट बदलून मागितली त्यानं, माझ्यासाठी. मीही सुपरवायझरला खरं कारण सांगितलं आणि जनरल शिफ्टला आले. स्कूटर मॅडमनी बंदच केली, विलास स्टॉपपर्यंत सोडायचा.

झोपेसाठी त्यांनी गोळीपेक्षा कठीण औषध दिलं. झोप येवो न येवो, उठायची वेळ एकच. दुपारी आडवं व्हायचं नाही. पलंगावर पडून हिशोब सुरू झाला, की उठून दुसऱ्या खोलीत जायचं, डोळे जड झाले तरच परत यायचं. खोलीतलं घड्याळ त्यांनी काढायला लावलं. पहिला महिना मला वाटलं, ही बाई माझा छळ करतेय. मी हॉलमध्ये त्या रिकाम्या दिवाणावर बसायचे. तिथं बसून मी अण्णांसाठी रडले. दवाखान्यात, कार्यक्रमात, कुठंच रडता आलं नव्हतं. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आईसाठीही रडला नसाल तुम्ही." खरं होतं. आई गेली त्याच्या पाचव्या दिवशी मी लाइनवर उभी होते.

एकदा मी त्यांना विचारलं, "ही गोळी विकतातच कशाला?"

त्या म्हणाल्या, "काही लोकांना थोडे दिवस तिचा फार उपयोग होतो. तुम्हालाही पहिले दहा दिवस झालाच की. दहा दिवसांनी तुम्ही परत गेला असता तर कदाचित तुमची-माझी गाठही पडली नसती."

मेडिकलवाल्याकडे मी एकदा जाऊन आले. भांडायचं ठरवून गेले होते. त्यानं अण्णांचं ऐकलं होतं. काउंटरवरचा हात मागे घेतला आणि म्हणाला, "ताई, तुम्हीच मागत होता ना." मी परत आले. अण्णा मला तेच म्हणाले होते, मी मागितली ना, म्हणून. मला त्याच्याशी भांडता येईना.

आता गोळी बंद होऊन पाच महिने झालेत. मी पाच, कधी साडेपाच तास झोपते. काही रात्री तीनच. तीन तास झोपूनही माणूस दुसऱ्या दिवशी काम करू शकतो, एवढं मला आता माहीत आहे. ती भीती गेली. बाकीचं आहे तसंच आहे.

शनिवार

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी महेशचा फोन आला. त्याचा फोन येतो तो मुलीच्या ॲडमिशनबद्दल, गावच्या कागदांबद्दल, कामापुरता. मागून हॉर्नचे आवाज येत होते. कॅब हिंजवडीच्या चौकात अडकली होती.

"ताई, तुझ्या त्या डॉक्टर कुठं बसतात?"

"कुणासाठी?"

तो म्हणाला, "मला झोप लागत नाही. अण्णा गेल्यापासूनच. ऑफिसातल्या एकानं त्याच्याकडच्या दिल्यात गोळ्या. खिशात आहेत."

"घेतल्यास?"

"नाही."

"महेश, खरं सांग."

"नाही गं. आठ दिवस नुसत्या घेऊन हिंडतोय."

मी त्याला पत्ता सांगितला. मग म्हटलं, "मी येऊ का बरोबर?" हॉर्न वाजत राहिले. फोन कट झाला असं समजून मी कानापासून काढणार होते, तेव्हा तो म्हणाला, "शनिवारी. अकराला."

शनिवारी मी साडेदहालाच जाऊन बसले. तो आला आणि मध्ये एक खुर्ची सोडून बसला. त्याचे डोळे बघून मला कुणी काही सांगायची गरज नव्हती. रिसेप्शनवरच्या मुलीनं फॉर्म दिला, तो त्यानं गुडघ्यावर ठेवून भरला. सध्या चालू असलेली औषधं, तिथं "काही नाही" लिहिलं. पेन थांबलं. मग ते खोडून त्यानं खिशातल्या स्ट्रिपवरचं नाव एकेक अक्षर बघून उतरवलं आणि पुढे लिहिलं, "घेतलेली नाही, पण जवळ आहे."

आतून हाक आली. तो उठला. मी बसूनच राहिले, त्याला एकट्यानं जायचं असेल म्हणून. दारापाशी मॅडमनी विचारलं, "बरोबर कुणी आलंय का?"

"हो," महेश म्हणाला. मागं वळून त्यानं माझ्याकडे बघितलं. "बहीण आलीये. तिला आत येऊ द्या."